पाहुणी हरते तेव्हा

बाई, त्या मातीच्या बाबतीत तुम्ही चुकत होतात असं मला अजूनही वाटतं.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि मी भांडायला बसले आहे. कुणाला हे बरं दिसणार नाही. तुम्हाला मात्र चाललं असतं. भांडण अर्धवट सोडून उठलेलं तुम्हाला कधी आवडलंच नाही. पहाडगंजच्या आपल्या मराठी शाळेत दोन मुली अबोला धरून बसल्या की तुम्ही त्यांना पटांगणाच्या मधोमध उभं करायचात आणि शिट्टी कमरेला खोचून म्हणायचात, "इथं भांडा. पूर्ण भांडा आणि मग वर्गात जा." बहुतेक मुली दोन वाक्यांनंतर हसायला लागायच्या.

वैशाली वस्तीतल्या तुमच्या घरी पुण्यानुमोदनाला खूप माणसं आली होती. शाळेतले जुने विद्यार्थी, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधले शेजारी, वर्ध्याहून तुमचे भाऊ. सगळे तुमच्या लेझमीविषयी बोलले, शिट्टीविषयी बोलले. मग तुमचा निखिल उभा राहिला आणि बोलता बोलता म्हणाला, "रिटायर झाल्यावरही आई घरी बसली नाही. अश्विनीताईंच्या ऑफिसमध्ये जाऊन सगळ्यांना व्यायाम शिकवायची." सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? घरी तुम्हीच तसं सांगितलं होतं. "खरं सांगितलं तर म्हणतील, गुडघे सांभाळ. मग मी आयुष्यभर गुडघेच सांभाळत बसू का गं?"

आमच्या ऑफिसात व्यायाम कुणीच करत नाही, बाई. आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. मारामारीचा एक गेम. पडद्यावर दोन पात्रं समोरासमोर उभी राहतात, दोन माणसं हातात कंट्रोलर घेऊन ती लढवतात, एक जिंकतो, एक हरतो. पात्रांच्या हालचाली बसवणं हे माझं काम. हे तुम्हाला मी इतक्यांदा समजावलं आणि तुम्ही दर वेळी त्याचं वेगळंच वर्णन केलंत. एकदा मेट्रोत शेजारच्या बाईंना म्हणालात, "ये बच्ची कार्टून को पीटना सिखाती है." त्या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं होतं.

मी तुम्हाला शोधत आले ती वीरजापायी. वीरजा आमची नव्हेच. हैदराबादच्या एका कंपनीच्या साहसी गेमची ती नायिका. किल्ल्यांवर चढणारी, भुयारांतून पळणारी, हातात दांडपट्टा घेतलेली. तिच्यावर जीव टाकणारी मुलं देशभर आहेत. अशा लाडक्या पात्राला दुसऱ्या कंपनीच्या मारामारीच्या गेममध्ये पाहुणं म्हणून बोलवायची पद्धत आमच्या धंद्यात आहे. करार होतो, ते पात्र येतं, यजमानांच्या पात्रांशी लढतं, आणि दोन्हीकडचे चाहते भांडत भांडत तो गेम घेतात. नोएडातल्या आमच्या छोट्या कंपनीकडे असा मोठा पाहुणा पहिल्यांदाच येत होता. तो नीट आला असता तर आम्ही टिकणार होतो. नाहीतर काय होईल, ते आमचा बॉस करण बोलत नसे. तो फक्त चहा जास्त प्यायला लागला होता.

अडचण पट्ट्याची होती. आम्ही मुंबईहून मारामारीचे कलाकार आणले. ते पट्टा तलवारीसारखा फिरवायचे. पडद्यावर ते पाहिलं की काहीतरी खोटं आहे एवढं कळायचं, पण काय ते कळायचं नाही. आणि एका दुपारी मला शाळेचं पटांगण आठवलं. शिवजयंतीला तुम्ही साडीचा पदर खोचून पट्टा फिरवला होता तो दिवस. वडिलांकडून लाठी शिकलात आणि त्यांच्या दोस्त वस्तादांकडून पट्टा, असं तुम्ही सांगायचात. जुन्या वर्गाच्या ग्रुपवर तुमचा नंबर मिळाला. फोनवर तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "पट्टा तुमच्याकडे आहे, की मी आणू?"

पट्ट्याऐवजी आम्ही तुमच्या हाताला पाइप बांधला होता, आणि अंगात तो काळा घट्ट पोशाख, त्यावर जागोजागी चिकटवलेले चमकणारे गोळे. कॅमेरे त्या गोळ्यांकडे पाहून शरीराची हालचाल टिपतात. तुम्ही तो पोशाख हातात धरून बराच वेळ उभ्या होतात. मग आत गेलात आणि वरून ओढणी घेऊन बाहेर आलात. ओढणीनं निम्मे गोळे झाकले गेले. करण मला हळूच म्हणाला, "मैडम को बोलो ना, प्लीज." मी काही बोलायच्या आधी तुम्हीच ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकलीत. "चला. सर्कशीत आले असं समजते."

आणि मग तुम्ही पट्टा फिरवलात.

पट्ट्यात मनगट बांधलेलं असतं, ते वळत नाही. म्हणून फिरवायचं ते खांद्यातून आणि कमरेतून. हे तुम्ही सांगितलंतही नाही, आधी करून दाखवलंत. वय साठीच्या पुढे, गुडघ्यांना नी-कॅप, आणि पाइपचा तो घूं घूं आवाज. मुंबईचा एक कलाकार अजून गेला नव्हता. तो पुढे येऊन म्हणाला, "काकू, मला शिकवाल?" तुम्ही त्याला लगेच कंबर खाली करून उभं केलंत. त्या अर्थानं घरी सांगितलेलं अगदीच खोटं नव्हतं म्हणा.

प्रत्येक गोष्टीवर मात्र आपलं वाजलं. पहिलं भांडण वेगावरून. तुमचा वार इतका झपकन यायचा की समोरच्याला तो अडवायला वेळच मिळाला नसता. मी म्हटलं, "बाई, वाराच्या आधी जरा थांबा. समोरच्याला चाहूल लागली पाहिजे."

"शत्रूला सांगून मारायचं?"

"शत्रू नाहीये तो, बाई. मित्राच्या शेजारी सोफ्यावर बसून खेळतोय."

"काहून पण?" चिडलात की तुमची वर्ध्याची भाषा बाहेर यायची. दोन दिवस तुम्ही धुसफुसत का होईना, वाराआधी थांबलात. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, आमच्यापुढे सांबारवडीचा, तुमच्या त्या कोथिंबीर भरलेल्या वडीचा, डबा सरकवत, तुम्ही आपणहून म्हणालात, "सांगून मारणं बरं आहे गं. त्यात जास्त हिंमत लागते." त्या भांडणात मी जिंकले होते, हे मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं.

दुसरं भांडण मातीचं. ते काही मिटलं नाही. सामना सुरू होण्याआधी प्रत्येक पात्र ऐटीत आत येतं. तुमचं म्हणणं, वीरजानं आत येताना वाकून आखाड्याची माती कपाळाला लावावी. हैदराबादकरांनी साफ नकार दिला. त्यांची वीरजा कुणापुढेही वाकत नाही. तिच्या गोष्टीतच तसं आहे. मला ते पटलं. पाहुण्या पात्राला बोलवायचं तर त्याचा स्वभाव सोबत घेऊनच बोलवावं लागतं, नाहीतर बोलवायचंच कशाला? तुम्हाला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "मातीपुढे वाकणं म्हणजे कुणापुढे वाकणं नव्हे," एवढंच तुम्ही म्हणत राहिलात. तुमचं वाक्य सुंदर आहे, बाई. पण ती वीरजा तुमची नव्हती, त्यांची होती.

खरा पेच पुढेच होता. हरण्याचा.

त्यांच्या गेममध्ये वीरजा कधी हरतच नसे. दरीत पडली तर पडदा काळा व्हायचा आणि ती पुन्हा काठावर उभी असायची. आमच्याकडे मात्र तिला कुणाकडूनही हरावं लागणार होतं. आमचा ढेरपोट्या पहिलवानही तिला हरवू शकणार होता. आमची सगळी पात्रं हरली की धाडकन पाठीवर आडवी होतात. हैदराबादकरांनी अटी पाठवल्या. वीरजाची पाठ जमिनीला लागायची नाही. पट्टा हातातून सुटायचा नाही. ती दयेची भीक मागताना दिसायची नाही. मी तुम्हाला ते मराठीत सांगत गेले आणि तुमच्या भुवया वर चढत गेल्या.

"ही पाहुणी आहे की जावई?"

मी करणला त्याचं हिंदी करून सांगितलं. तो इतका हसला की चहा सांडला. पण हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुम्ही कितीतरी प्रकारांनी हरून दाखवलंत. भिंतीला टेकून, पट्ट्यावर रेलून, पाठ फिरवून चालत जाऊन. हैदराबादहून सिंधुजा नावाची त्यांची अधिकारी व्हिडिओ कॉलवर सगळं बघायची आणि नम्रपणे नाही म्हणायची. कधी वीरजा बिचारी दिसते, तर कधी उद्धट. गेम बाहेर काढायचे दिवस जवळ आले. शेवटी करणनं तोडगा काढला. वीरजा हरली की तिचा धूर होईल. नुसता निळसर धूर, आणि ती गायब. कुठलीच अट मोडत नाही. सिंधुजाला चालणार होतं. मलाही चालणार होतं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं.

तुम्हाला नाही चाललं. "मी धुरासाठी इथं येते का?" एवढं बोलून तुम्ही पिशवी उचललीत.

त्या संध्याकाळी आपण नोएडाहून मेट्रोत बसलो आणि तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. यमुना बँक स्टेशनला गाडी बदलायला उतरलो. वैशालीची गाडी यायची होती. नदीकडून गार वारा येत होता. तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "अश्विनी, ती हरली की समोरचा जिंकतो ना?"

"हो."

"मग तिचा धूर झाला तर तो जिंकला कुणाला? जिंकणाऱ्याकडे बघायला कुणीतरी असावं लागतं गं. एवढं लढून त्यानं काय धुराकडे बघायचं?"

गाडी आली. आपण चढलो. प्रीत विहारला मी उतरले. दुसऱ्या दिवशी मी करणकडून आणखी एक दिवस मागून घेतला. "एक दिन," तो म्हणाला, "फिर धुआँ."

त्या दिवशी सकाळपासून काहीच जमत नव्हतं. तुम्ही दुपारी जेवलाही नाहीत. करण सारखा "मैडम, एक बार और" म्हणत होता आणि तुम्ही त्याला झापलंत, "एक बार और, एक बार और! स्कूल में होते तो पूरे मैदान के चक्कर लगवाती तुमसे." तरी पुन्हा उभ्या राहिलात. मुंबईच्या त्या मुलानं खोटा वार केला. तुम्ही मागे सरकलात, एक गुडघा टेकलात. आतापर्यंत तिथूनच तुम्ही काही ना काही करायचात. या वेळी काहीच केलं नाहीत. सावकाश दुसरा गुडघा खाली आला, मग तुम्ही सरळ मांडी बाजूला दुमडून बसलात. पट्ट्याचा हात मांडीवर आडवा ठेवलात. एक श्वास सोडलात. आणि मान वर करून त्या मुलाकडे पाहिलंत, कौतुकानं, एखाद्या पोरानं अवघड कसरत पहिल्यांदा नीट केल्यावर बघाल तशा. मान किंचित हलवलीत.

कुणी "कट" म्हटलं नाही. मग पडद्यावरच्या सिंधुजानं विचारलं, "Ma'am, क्या आप वो फिर से कर सकती हैं?"

"अब उठाओ तो पहले," तुम्ही म्हणालात, आणि आम्ही तिघांनी तुम्हाला हात दिला.

पाठ जमिनीला लागली नव्हती. पट्टा हातात होता. ती बिचारी दिसत नव्हती, उद्धटही नाही. ती हरली होती, एवढंच. आणि समोरचा जिंकला होता.

गेम बाहेर आल्यावर आधी बोलणी बसली. ही आमची वीरजा नाही, आमची वीरजा अशी खाली बसणार नाही, वगैरे. सिंधुजा फोनवर म्हणाली, थांबा जरा. थांबलो. मग हळूहळू लोक लिहायला लागले की वीरजाला हरवून झाल्यावर पुढचा सामना लगेच सुरू करावासा वाटत नाही, तिच्याकडे थोडं बघावंसं वाटतं. तुम्हाला मी ते वाचून दाखवलं. तुम्ही "अच्छा" म्हणालात आणि फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलंत. ऑफिसात आम्ही तुम्हाला करणशी खेळायला बसवलं तेव्हा तुम्ही सगळी बटणं एकदम दाबलीत आणि अर्थातच हरलात. पडद्यावर ती तरणीताठी वीरजा खाली बसली. तुम्ही पुढे झुकून बारकाईनं पाहिलंत. "हिचे गुडघे चांगले आहेत गं," म्हणालात.

मग तुमचं दुखणं आलं. छातीचं. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही पलंगावर उशीला टेकून बसला होतात आणि हाताला सुई होती, तरी त्याच हातानं मला पट्ट्याचा एक वार दाखवायला लागलात, तो म्हणे आमच्याकडून चुकीचा टिपला गेला होता. नर्सनं येऊन तुमचा हात खाली ठेवला. ती गेल्यावर तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "त्या सिंधुजाला सांग, माती लावायला काय हरकत होती?"

"बाई, पुन्हा तेच?"

"पूर्ण भांडावं," तुम्ही म्हणालात, आणि डोळे मिटून हसलात.

एक विचारायचं होतं आणि तिथे विचारवलं नाही. त्या दिवशी तुम्ही हरण्याचा अभिनय केलात, की खरंच दमून खाली बसलात? छातीत तेव्हाच काही होत होतं का? तुम्ही गेल्यापासून हे माझ्या मनात फिरत होतं. टिपलेली ती हालचाल मी कितीदा बघितली. खांदे, मान, श्वास. माझा धंदाच तो, तरी मला ओळखता येईना.

काल निखिल आणि त्याची बायको स्नेहा आमच्या ऑफिसात आले. मीच बोलावलं होतं. पुण्यानुमोदनाला हलवलेली मान मला सलत नव्हती असं नाही, पण त्याहून जास्त म्हणजे त्यांना हे दाखवायची मला हौस होती. आधी त्यांना काळ्या पोशाखातले तुमचे फोटो दाखवले. स्नेहा तोंडावर हात ठेवून हसत सुटली. "आईंनी हे घातलं? आमच्यासमोर गाऊनवर ओढणी घेतल्याशिवाय दार उघडायच्या नाहीत!" निखिल फोटोकडे बघत राहिला. "आणि मी तिला सांगत होतो, नोएडापर्यंत रोज कशाला दगदग करतेस," तो म्हणाला. मग तोही हसला.

मी त्याच्या हातात कंट्रोलर दिला आणि वीरजा निवडून दिली. समोर करण बसला. निखिलला खेळता येत नव्हतं, पण पहिल्याच वाराला तो थबकला. पट्टा कमरेतून फिरला होता. त्यानं ते ओळखलं. लक्ष्मीबाई नगरच्या गच्चीवर त्यानं ते लहानपणी पाहिलेलं असणार. करणनं त्याला जरा जिंकू द्यायचा प्रयत्न केला, तरी तो हरला. आणि वीरजा खाली बसली. एक गुडघा, मग दुसरा, मांडी बाजूला, पट्टा मांडीवर, तो श्वास, ती वर केलेली मान.

निखिलनं कंट्रोलर खाली ठेवला. मी घाबरले. वाटलं, नको होतं दाखवायला.

"ही आई जिन्यात बसायची तशी बसलीय," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्यानं सांगितलं. तुमचं क्वार्टर वरच्या मजल्यावर होतं. शाळेतून बसनं दमून आलात की मधल्या जिन्यात तुम्ही अशाच टेकायचात, पिशवी मांडीवर आडवी. तो वरून धावत खाली यायचा आणि दिवसभरात काय काय केलं ते तिथेच सांगायला लागायचा. तुम्ही एक श्वास सोडायचात आणि मान वर करून त्याच्याकडे बघायचात. "रोज," तो म्हणाला. "माझं काहीही असो. गणितात पास झालो, झाडावर चढलो, काहीही. अशीच बघायची."

स्नेहानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. करणला मराठी कळत नव्हतं, तरी तो कंट्रोलर ठेवून उठला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

मला माझं उत्तर मिळालं होतं, बाई. दमलाही होतात आणि बघतही होतात. तुमच्यात त्या दोन वेगळ्या गोष्टी कधी नव्हत्याच, आणि मी उगाच त्यातली एक निवडायला बसले होते.

चहा आला. निखिलनं करणला पुन्हा खेळायला बसवलं. या वेळी त्यानं एकही बटण दाबलं नाही. कंट्रोलर मांडीवर ठेवून तो नुसता बघत राहिला, आणि करणच्या पहिलवानाला दोन वारांत जिंकू दिलं. वीरजा खाली बसली आणि तिनं मान वर केली. "एक बार और," निखिल म्हणाला. त्यानंतरही म्हणाला. करण जिंकत राहिला, निखिल मुद्दाम हरत राहिला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मी पाहिलं नाही. त्याचा चेहरा मात्र दिवसभरात काय काय केलं ते सांगायला जिन्यातून धावत खाली आलेल्या पोरासारखा दिसत होता.